मातृभाषेचा भार आणि नागरिकत्वाचा वारसा

जर्मन भाषेत देशाला ‘फाटरलांड’ म्हणजे पितृभूमी म्हणतात आणि घरातल्या बोलीला ‘मुटरश्प्राखे’ म्हणजे मातृभाषा. ही वाटणी केवळ शब्दांपुरती असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जर्मनीच्या कायद्याने ती कित्येक दशके अक्षरशः खरी मानली. परदेशी पुरुषाशी विवाह केलेल्या जर्मन स्त्रीने आपल्या मुलांना भाषा द्यावी, सणवार द्यावेत, शिस्त द्यावी. देश मात्र त्यांनी बापाकडूनच घ्यावा, असा तो न्याय होता. ही विषमता १९७५ साली संपली. तिचे खरे परिमार्जन २०२१ साली सुरू झाले आणि त्याची मुदत १९ ऑगस्ट २०३१ रोजी संपणार आहे. भारतातील काही कुटुंबांचाही या मुदतीशी प्रत्यक्ष संबंध येतो. म्हणून हा प्रश्न दूरच्या देशाचा असला तरी परका नाही.

ही विषमता किती खोल होती हे समजण्यासाठी परदेशात लहान मुले वाढविणाऱ्या जर्मन आईचा दिनक्रम पाहिला पाहिजे. त्याचे आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे. मॅक्सम्युलर भवन, जर्मन सहकार्याने उभे राहिलेले यंत्रोद्योग आणि अलीकडच्या दशकांत चाकण परिसरात आलेले मोटारींचे कारखाने यांमुळे जर्मन कुटुंबे या शहराला नवी नाहीत. नोकरीनिमित्त दोन-चार वर्षांसाठी येणारी कुटुंबे आहेत, तशा भारतीय पतीबरोबर येथेच संसार मांडलेल्या स्त्रियाही आहेत. जर्मन घरातील मुलांचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. सायंकाळी सहाच्या सुमारास ‘आबेंडब्रोट’, म्हणजे पाव, लोणी, चीज आणि काकडी-टोमॅटो असे बहुधा न शिजवलेले जेवण होते व सात-साडेसातला मुले अंथरुणात जातात. पुण्यात नेमक्या त्याच वेळी शेजारची मुले खेळायला खाली उतरतात आणि रात्रीच्या जेवणाला नऊ वाजतात. राय धान्याच्या पिठाचा आंबवलेला जड पाव बाजारात सहज मिळत नाही, तेव्हा आपल्याकडे विरजण जपावे तसे आंबवण घरात जपून तो घरीच भाजावा लागतो. पाऊस असो वा थंडी, मुलाने रोज मोकळ्या हवेत गेले पाहिजे आणि पहिलीतल्या मुलाने शाळेत स्वतःच्या पायांनी जायला शिकले पाहिजे, ही जर्मन संगोपनाची दोन ठाम सूत्रे. त्यांतील दुसरे आपल्या रस्त्यांवरील वाहतुकीपुढे पहिल्याच आठवड्यात मोडून पडते.

या हानीच्या बदल्यात तिला काही लाभही होतात. येथे मुलाला कडेवर घ्यायला दहा हात पुढे येतात. शेजारच्या काकू आणि कामाला येणाऱ्या मावशी यांचा त्याला लळा लागतो. लहान मूल दुसऱ्याच्या स्वाधीन करून कामाला जाणाऱ्या स्त्रीसाठी जर्मन भाषेत ‘राबेनमुटर’ म्हणजे डोमकावळीण असा एक बोचरा शब्द आहे. तो अद्याप पुसला गेलेला नाही. आपल्याकडे आजी-मावशीच्या हवाली मूल करण्यात कोणाला दोष दिसत नाही. त्यामुळे त्या शब्दाचा धाक येथे कमी होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि सर्वांत मोठा भार डोळ्यांना दिसत नाही. अकरा नोव्हेंबरला संत मार्टिनच्या नावाने मुले हातात कागदी कंदील घेऊन गात मिरवणुकीने जातात. सहा डिसेंबरच्या आदल्या रात्री दाराशी बूट ठेवले की सकाळी त्यांत निकोलाउसने ठेवलेला खाऊ सापडतो. नाताळपूर्वीच्या चार रविवारी पानांच्या वेढ्यावर एकेक मेणबत्ती वाढत जाते. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हाती ‘शुलट्यूटे’ नावाचा, खाऊने आणि शालोपयोगी वस्तूंनी भरलेला, त्याच्या छातीपर्यंत येणारा कागदी शंकू दिला जातो. मायदेशात हे सारे बालवाडी, चर्च, आजी-आजोबा आणि गल्लीतील बेकरी मिळून करतात. परदेशात या सर्व संस्थांचे काम एकट्या आईला करावे लागते. समाज जे न कळत करतो ते तिला ठरवून, आठवण ठेवून, दमल्या अंगाने करावे लागते. भाषेचेही तेच. मुलगा अंगणात मराठी, शाळेत इंग्रजी बोलतो. आईने जर्मनमध्ये विचारलेल्या प्रश्नाला तो हळूहळू दुसऱ्याच भाषेत उत्तर देऊ लागतो. त्या क्षणी सोय पाहावी की आग्रह धरावा, हा निर्णय तिला दिवसातून पन्नास वेळा घ्यावा लागतो. मातृभाषा टिकते ती अशा पन्नास निर्णयांवर.

या श्रमाचे श्रेय मात्र तिच्या नावे जमा होत नाही. द्वैभाषिक मुलाच्या अभ्यासाचा पाया ज्या ग्रंथाने घातला तो फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांची पत्नी जर्मन होती आणि मूल फ्रान्समध्ये वाढत होते. एका व्यक्तीने मुलाशी एकच भाषा बोलावी, हा मोरिस ग्रामों यांनी दिलेला सल्ला त्या घरात पाळला गेला आणि मुलगा लुई दोन्ही भाषा सहज बोलू लागला. आजही जगभरच्या पालकांना हाच सल्ला दिला जातो. परंतु त्या प्रयोगाचा अर्धा भाग ज्या आईने जर्मन बोलून रोज पार पाडला, तिचे नाव अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

परदेशातील आईची घरगुती गरज एखाद्या देशाला केवढी देणगी देऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली अशा संस्थांवर बंदी घातली. ती १८६० पर्यंत टिकली. हॅम्बुर्गमध्ये ही पद्धत शिकलेली मार्गारेट शुर्झ १८४८ च्या क्रांतीनंतर परागंदा झालेल्या पतीबरोबर अमेरिकेत गेली. विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन या गावी १८५६ साली तिने आपली मुलगी आणि नात्यातील काही मुले जमवून जर्मन भाषेत किंडरगार्टन सुरू केले. अमेरिकेतील ते पहिले. पुढे एलिझाबेथ पीबडी या शिक्षिकेने तिच्याकडून प्रेरणा घेऊन बोस्टनमध्ये इंग्रजी किंडरगार्टन काढले आणि ती कल्पना देशभर पसरली. स्वतःच्या मुलीला परक्या गावात आपल्या भाषेतली गाणी आणि खेळ मिळावेत एवढ्यासाठी एका आईने जे केले, ते अमेरिकेच्या शिक्षणाचा भाग झाले.

पण यजमान समाजाची कृपा कायम राहत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन भाषा हीच संशयास्पद ठरली. नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा करून आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना परकी भाषा शिकविण्यास मनाई केली. दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचन शिकवल्याबद्दल रॉबर्ट मेयर या शिक्षकाला पंचवीस डॉलर दंड झाला. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. आपल्या मुलाला काय शिकवावे हे ठरविण्याचा आईबापांचा अधिकार राज्याला असा हिरावून घेता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. म्हणजे परक्या देशाच्या न्यायालयाने जर्मन घराची भाषा राखली. स्वतः जर्मनीने त्या घरातील आईला काय दिले, हे आता पाहिले पाहिजे.

१९१३ च्या नागरिकत्व कायद्यानुसार विवाहसंबंधातून जन्मलेले मूल बापाचे नागरिकत्व घेई. अविवाहित जर्मन स्त्रीचे मूल मात्र जर्मन ठरे! म्हणजे तिने लग्न केले की तिचा वारसा संपला. परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्व जाण्याचे प्रकारही १९५३ पर्यंत घडत होते. दुसरीकडे पश्चिम जर्मनीच्या दिवाणी कायद्यात १९७७ पर्यंत अशी अट होती की, पत्नीने नोकरी करावयाची ती संसाराच्या कर्तव्यांना बाधा न आणता. गृहिणी म्हणून कायदा तिला बारकाईने ओळखत होता; नागरिक घडविणारी माता म्हणून मात्र तिला ओळखत नव्हता. २१ मे १९७४ रोजी तेथील घटना न्यायालयाने ही तरतूद समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली आणि १ जानेवारी १९७५ पासून आईकडूनही नागरिकत्व मिळू लागले. त्यापूर्वी जन्मलेल्यांना जाहीरनामा देऊन ते घेण्यासाठी १९७७ अखेरपर्यंत मुदत दिली गेली. परदेशात विखुरलेल्या अनेक कुटुंबांची ती संधी हुकली. २०२१ च्या दुरुस्तीने २३ मे १९४९ नंतर जन्मलेल्या अशा व्यक्तींना आणि त्यांच्या वंशजांना पुन्हा दहा वर्षांची मुदत देण्यात आली. ती २०३१ मध्ये संपणार आहे.

जर्मनीकडे बोट दाखविताना आपण स्वतःकडेही पाहिलेले बरे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही परदेशात जन्मलेले मूल भारतीय ठरे ते बापाच्या आधारे. आईला तो अधिकार १९९२ च्या दुरुस्तीने मिळाला, म्हणजे जर्मनीनंतर सतरा वर्षांनी. आज अडचण वेगळी आहे. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला सर्वसाधारण मान्यता दिली आहे. भारताने ती दिलेली नाही. भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की कलम ९ नुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यामुळे १९७५ पूर्वी जर्मन आईच्या पोटी जन्मलेला आणि येथेच आयुष्य घालवलेला भारतीय माणूस २०२१ च्या सवलतीचा लाभ घेऊ पाहील, तर आईचा वारसा मिळविताना त्याला बापाचा देश गमवावा लागेल. परदेशस्थ भारतीय नागरिक या नावाने २००५ पासून मिळणारे कार्ड त्याला राहण्याची मुभा देते. परंतु त्यावर मत देता येत नाही की शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांना हा अर्ज करावयाचा आहे त्यांनी हा हिशेब आधी करावा, एवढे सांगणे आवश्यक आहे.

प्रौढ माणसाने निवड करावी, हे एक वेळ समजू शकते. परंतु पुण्यात आज जन्मणाऱ्या भारतीय पित्याच्या आणि जर्मन मातेच्या बाळाच्या बाबतीत ही निवड आईबापांना पाळण्याशेजारी बसून करावी लागते, कारण दोन्ही पासपोर्ट एका वेळी बाळगता येत नाहीत. वस्तुतः आपल्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये परदेशात जन्मलेल्या अल्पवयीन मुलासंबंधी अशी तरतूद आहे की, त्याच्याकडे अन्य देशाचे नागरिकत्व असल्यास सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते सोडावे, अन्यथा भारतीय नागरिकत्व जाईल. निवड मुलाने, आणि तीही जाणत्या वयात, करावी हे तत्त्व तेथे मान्य आहे. पण जन्मनोंद करताना मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांना लिहून द्यावे लागत असल्याने ते निरुपयोगी ठरते. ही अट काढून टाकावी आणि भारतात जन्मलेल्या अशा मुलांनाही अठरा वर्षांपर्यंत दोन्ही नागरिकत्वे ठेवू द्यावीत. अठरा वर्षांखालील मुलाच्या दोन पासपोर्टांनी राष्ट्राच्या सुरक्षिततेला धक्का बसेल असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही.

जर्मनीनेही आपल्या घरी अजून एक काम बाकी ठेवले आहे. १९९९ नंतर परदेशात जन्मलेल्या आणि परदेशातच राहणाऱ्या जर्मन व्यक्तीच्या तेथेच जन्मलेल्या मुलाला, ते बेवतन होणार नसेल तर, आपोआप नागरिकत्व मिळत नाही; एका वर्षाच्या आत जन्मनोंदीसाठी अर्ज करावा लागतो. १९७७ ची हुकलेली मुदत ज्यांना आठवते त्यांनी तान्ह्या बाळाच्या आईकडून पुन्हा मुदतीचीच अपेक्षा करावी, हे शहाणपणाचे नाही.

म्युनिकमध्ये वा न्यूजर्सीत गौरी-गणपती मांडून मुलांकडून मराठी वदवून घेणाऱ्या आईला यांतले काहीही समजावून सांगण्याची गरज नाही. तिचा दिवसही त्याच पन्नास निर्णयांचा असतो. भाषा जपण्याचे काम जगातील सर्व समाजांनी बिनबोभाट आईवर सोपविले आहे आणि ती ते करीतही आहे. ज्या हातांनी मुलाला बोलावयास शिकविले, त्या हातांना त्याला देश देण्याचाही पूर्ण अधिकार आहे. तो अटी-मुदतींच्या फटीतून नव्हे, राजरोसपणे तिला मिळाला पाहिजे.