शाळेची चावी पालकांच्या हाती

महापालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमणे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. महाराष्ट्रात अध्यक्षही पालकांमधूनच निवडला जातो; मुख्याध्यापक सचिव असतात. कामावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा ही समितीची कामे.

मात्र तिच्या हाती पैसा थोडा आहे. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50 हजार आणि 1000 पर्यंतच्या शाळेला 75 हजार रुपये मिळतात. वीज, खडू, किरकोळ दुरुस्ती यांतच ते संपतात. महापालिकेच्या शाळांत शिक्षकांच्या बदल्या आणि इमारतीची मोठी कामे महापालिकेच्या खात्यांकडे असतात.

पुण्यातील हडपसरच्या कडेच्या गावांत पालक आणि निर्णय घेणाऱ्यांमधले हे अंतर अधिक जाणवते. साडेसतरा नळी 2017 मध्ये आणि मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. ग्रामपंचायत असताना सरपंच शेजारच्या आळीत भेटत असे. मार्च 2022 पासून पुढची काही वर्षे तर महापालिकेवर प्रशासकच होते. दाद मागायला नगरसेवकही नव्हता. त्यातच औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे किंवा धुणीभांडी करणारे पालक रोज बुडवून समितीच्या दुपारच्या बैठकीला येऊ शकत नाहीत. बैठक संध्याकाळी किंवा रविवारी घेणे ही म्हणूनच पहिली सुधारणा ठरते.

समितीला अधिक अधिकार द्यायचे म्हटले की स्थानिकांना कारभार जमत नाही, असा आक्षेप येतो; तो हडपसरपुरता तरी टिकणारा नाही. इथल्याच शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी जिल्हा परिषदेच्या शाळेला जमीन दिली, पाठबळ दिले आणि तिचा लौकिक राज्यभर पोहोचवला.

अधिकार कुठवर द्यावेत, याचा धडा एल साल्वादोरकडून मिळतो. तिथे 1991 पासून ‘एदुको’ योजनेत पालकांच्या मंडळांनीच शिक्षक नेमले. गैरहजेरी घटली, पण वर्षावर्षाच्या करारामुळे शिक्षकांची नोकरी कायम टांगणीला राहिली. शिक्षकांच्या नेमणुका शासनाकडेच असाव्यात. दुरुस्तीचा निधी, त्याचा हिशेब आणि शिक्षकांच्या हजेरीची पडताळणी मात्र प्रत्यक्षात समितीकडे यायला हवी. गळके छप्पर आणि रिकामा वर्ग पालकांना आधी कळतो.