हा विषय आपला नाही?



गेल्या पावसाळ्यात जुहूच्या नेहरूनगरमधल्या आमच्या मासिक बैठकीला एक कॉलेजची मुलगी आली. हातात स्वतः रंगवलेला फलक. 'हवामान न्याय' या विषयावर तिला दहा मिनिटं बोलायचं होतं. त्या दिवशी आमच्यापुढे रेशनकार्डाच्या तक्रारी होत्या, एका बाईला सासरच्यांनी मध्यरात्री घराबाहेर काढलं होतं. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने तिला प्रेमानेच सांगितलं, "पोरी, विषय चांगला आहे, पण तो पर्यावरणवाल्यांचा. आपला नाही." मुलगी गप्प बसली. मीही काही बोलले नाही. उठताना कोळीवाड्यातून येणारी एक मावशी मात्र म्हणाली, "तिला बोलू द्यायचं होतं. वादळाचे बावटे लागून किती दिवस होड्या गेल्या नाहीत, ते मी तिला सांगणार होते."

या वेळचं संपादकीय त्या न मिळालेल्या दहा मिनिटांविषयी आहे.

अशा मुली आज ठिकठिकाणी दिसतात. ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनची पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळा सोडून संसदेबाहेर एकटी बसली आणि पुढे जगभरच्या मुलांनी शुक्रवारचे संप सुरू केले. 'फ्रायडेज फॉर फ्यूचर' हे त्या चळवळीचं नाव. आपल्या देशात ती उभी करणाऱ्यांमध्ये बंगळूरची दिशा रवी होती. आजी-आजोबा शेतकरी, त्यांचे हाल पाहून आपण या कामात आलो, असं तिने सांगितलं आहे. २०२० साली केंद्र सरकारने प्रकल्पांच्या पर्यावरण परिणामांबाबतच्या नियमांचा नवा मसुदा काढला. लोकसुनावणी आणि छाननी त्याने सैल होईल, म्हणून या मुलांनी मंत्र्यांना ई-मेल पाठवण्याची मोहीम काढली. उत्तर म्हणून त्यांचं संकेतस्थळ बंद झालं आणि दहशतवादविरोधी कायद्याचं कलम लावलेली पोलिसांची नोटीस आली. ती नंतर मागे घेतली गेली.

पुढचं आपल्याला आठवत असेल. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्ली पोलिसांनी दिशाला बंगळूरच्या घरातून अटक केली. शेतकरी आंदोलनाला पाठिंबा देणाऱ्या एका टूलकिटच्या मजकुरात तिने बदल केले, म्हणून राजद्रोहाचा आरोप. त्याच प्रकरणात मुंबईच्या वकील निकिता जेकब आणि बीडचे शंतनू मुळूक यांना उच्च न्यायालयात अटकेपासून तात्पुरतं संरक्षण मागावं लागलं, आणि ते मिळालं. २३ फेब्रुवारीला दिल्लीच्या न्यायाधीशांनी पुरावा तुटपुंजा असल्याचं नोंदवून दिशाला जामीन दिला.

या दहा दिवसांत जे घडलं ते आपल्या फार ओळखीचं आहे. तिच्या खाजगी गप्पांचे मजकूर वाहिन्यांवर वाचले गेले. तिच्या धर्माबद्दल अफवा उठवल्या गेल्या. काहींनी तिला कटवाली ठरवलं. काहींनी दया दाखवली, 'बिचारी अजाण पोर, कुणीतरी भडकवली'. बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईला आपण पोलिस ठाण्यात जे ऐकताना पाहतो, तेच हे. बाई बोलली की एक तर तिचं चारित्र्य काढायचं, नाही तर तिची अक्कल. तिने स्वतः विचार करून एखादी भूमिका घेतली असेल, हे मान्य करायला कुणीच तयार नसतं.

आमच्या गटाने तेव्हा निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. आणि तिथेच थांबलो. तिच्या अटकेचा प्रश्न आपला वाटला. तिच्या कामाचा वाटला नाही.

आपल्या दाराशीही हेच झालं. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. विद्यार्थी, रहिवासी, पाड्यांवरच्या आदिवासी बाया धावून गेल्या. २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, पण तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. पाड्यांवरच्या बायांसाठी ती नुसती हिरवाई नव्हती. भाजी, सरपण, सावली आणि पिढ्यांचं घर, सगळं त्यात होतं. त्या रात्री आपल्यापैकी किती संघटना संघटना म्हणून तिथे होत्या?

'न्याय' हा शब्द या मुली मुद्दाम वापरतात. ज्यांनी हवा-पाणी कमीत कमी बिघडवलं, त्यांनाच जास्तीत जास्त सोसावं लागतं, असा त्याचा अर्थ. जुहूत तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. एकाच समुद्रापाशी बंगले आहेत, पंचतारांकित हॉटेलं आहेत आणि कोळीवाडा, नेहरूनगरही आहे. २६ जुलै २००५ ला इथून जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मी तेव्हा शाळेत होते. पण वस्तीतल्या बाया आजही सांगतात : पाणी ओसरल्यावर चिखल कुणी उपसला, आजारी पोरं कुणी सांभाळली, भिजलेलं धान्य कुणी निवडलं. मदतीचा धनादेश मात्र कार्डावर ज्याचं नाव त्याचा. टाकलेल्या बाईचं नाव ना कार्डावर, ना यादीत.

मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतरही भरपाईचा हिशेब सुरू झाला तो बोटी आणि जाळ्यांपासून. बोट नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. मासळी आली नाही म्हणून जिची टोपली रिकामी राहिली, बर्फाचे आणि टेम्पोचे पैसे जिच्या अंगावर आले, तिचं नुकसान कोणत्या रकान्यात भरायचं? आता वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचा एक जोडरस्ता जुहू कोळीवाड्यापाशी उतरायचा आहे. त्याच्या चर्चेतही मच्छिमार म्हणजे पुरुषच धरले जातात.

मुंबईबाहेर पाहा. शंतनू मुळूक ज्या बीडचे, तो ऊसतोड कामगारांचा जिल्हा. पाऊस दगा देतो, शेत पिकत नाही, जोडपी कोयता घेऊन निघतात. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. याचं सगळं खापर हवामानावर फोडून चालणार नाही. खाडा झाला की दंड कापणारा मुकादम, घाई करणारा डॉक्टर, जबाबदारी झटकणारा कारखाना, यांना त्यामुळे सुटका मिळेल. पण दुष्काळ वाढला की कोयत्याचा रस्ता जास्त घरांपर्यंत पोचतो, हेही खरं. तेव्हा आरोग्याचा प्रश्न कुठे संपतो आणि हवामानाचा कुठे सुरू होतो, सांगा बरं?

आमच्या जुहूतच एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र आहे. नीरा देसाईंनी ते काम १९७४ साली सुरू केलं. त्याच वर्षी गढवालच्या रेणी गावात गौरा देवी आणि तिच्या सख्यांनी ठेकेदाराच्या माणसांपुढे उभं राहून जंगल वाचवलं. बाईचा प्रश्न आणि जंगल-पाण्याचा प्रश्न वेगळे आहेत, असं तिथल्या बायांना वाटलं नव्हतं. ही भिंत आपणच मध्ये कधीतरी बांधली.

ती पाडायला सुरुवात कशी करावी? आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक : उन्हाने, पाण्याने किंवा बावट्याने बुडालेला प्रत्येक रोज, पाणी भरण्यात गेलेला वेळ, यांची वही प्रत्येक गल्लीत बायांनीच ठेवायची. दोन : पंचनामा आणि मदत कष्टकरी बाईच्या स्वतःच्या नावाने व्हावी, यासाठी वॉर्ड कार्यालयावर जायचं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला, २०५० पर्यंत कर्ब उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्या आराखड्यात आमच्या गल्लीसाठी काय आहे, हे विचारायचं. तीन : रस्त्यावर उतरणाऱ्या तरुण मुलींच्या पाठीशी अटकेआधीपासून उभं राहायचं. वकिलाचा फोन नंबर, पोलिस ठाण्यात सोबत, आईवडिलांची समजूत. हे आपल्याला येतं, वर्षानुवर्षं आपण तेच करत आलो आहोत.

मुलींनाही एक सांगणं आहे. फलक रंगवा, पण वस्तीत याल तेव्हा आधी बसा, ऐका. तुमच्या आकडेवारीत नसलेलं पुष्कळ काही मावशींच्या टोपलीत आहे.

त्या मुलीला आम्ही पुन्हा बोलावलं आहे. पुढच्या बैठकीत पहिला अर्धा तास तिचा आणि कोळीवाड्यातल्या मावशीचा. तुमच्या गटात असा संवाद झाला असेल, वाद झाला असेल, तर जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात ती पानं तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत.