दरवाजे उरले, तटाचे काय?

छत्रपती संभाजीनगरला बावन्न दरवाजांचे शहर म्हणण्याची रीत आहे. उभे दरवाजे मोजायला मात्र फार वेळ लागत नाही. मलिक अंबरने १६१२ च्या सुमारास मुघलांवरील विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा बांधला. शहराभोवती तट घातला औरंगजेबाने, १६८२ मध्ये. रंगरंगोटी, रोषणाई होते ती दरवाजांची. तट बेवारस! कुठे तो कुणाच्या तरी परसाची भिंत झाला आहे, तर कुठे चुन्याच्या सांध्यांत पिंपळाने मुळे रोवली आहेत. भिंतीला उद्घाटनाची फीत बांधता येत नाही, हीच बहुधा अडचण असावी. महापालिकेने उरलेल्या तटाची मोजणी करून हद्द आखावी आणि येत्या पावसाळ्याआधी ते पिंपळ मुळासकट काढावेत.