घर पाहावं रंगवून

गेल्या दिवाळी अंकात या सदरात गळक्या नळाबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी 'आमचा नळ थांबला' असं आवर्जून सांगितलं. एका वहिनींनी मात्र 'आता तुमच्या दिवाणखान्याच्या भिंतीबद्दल लिहा की' असा टोमणा मारला. त्या गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला होत्या, म्हणजे आधी काय रामायण झालं ते त्यांच्या कानावर आलं असणार. तेव्हा यंदा भिंतीबद्दल.

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. दिवाळी करूनच जायचं ठरलं होतं. दिवाणखान्यात खिडकीजवळ दिवाण आहे, ती तिची जागा. दुपारी भिंतीला डोकं टेकून ती पुस्तक वाचायची. डोक्याला खोबरेल तेल, अर्थातच. ऑक्टोबरपर्यंत भिंतीवर बशीएवढा तेलकट डाग पडला होता. त्यात जुन्या तसबिरींची पाच-सहा भोकं होती. दिवाळीला मंडळी येणार, तेव्हा म्हटलं भिंत रंगवून टाकू. रंगारी बोलवायचा म्हणजे पैसे. मी इंजिनिअर माणूस, एक भिंत रंगवायला काय लागतं?

शनिवारी भोकं बुजवली, वाळली न वाळली तोच रोलर फिरवला. डब्यावर 'पेंट आणि प्रायमर एकत्र' असं छापलेलं होतं, म्हणून प्रायमर घेतलाच नाही. रात्री भिंत झकास दिसली. रविवारी सकाळी उन्हात पाहतो तर भोकांच्या जागी निस्तेज ठिपके, मधे उभे पट्टे, कडेने ब्रशची गडद चौकट आणि मधोमध आईचा डाग, पिवळसर, जसाच्या तसा. दुसरा हात दिला. सोमवारी तिसरा. मंगळवारी दिव्यांची माळ भिंतीलगत लावून पाहिली आणि डाग पुन्हा वर आलेला! मी वैतागून बोलून गेलो, "आई, किती तेल थापतेस गं डोक्याला! भिंत वाया गेली सगळी."

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीत बसून वाचत होती, पाठ ताठ करून. केस कोरडे. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी बायको म्हणाली, "भिंतीचं काय करायचं ते कर, पण आधी आईंचं बघ. तीन दिवस त्या दिवाणावर बसलेल्या नाहीत."

मला फार लाज वाटली. आईपाशी जाऊन म्हणालो, "चुकलं माझं. तेलाचा काही दोष नाही, मीच काम घाईत केलं." ती म्हणाली, "ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. धुतली होतीस का भिंत?" नव्हती धुतली. "अरे, आम्ही दर दिवाळीला चुना काढायचो, तेव्हा आधी पोपडे खरवडायचो, मग लांबी भरायची, मग भिंत पुसायची. कुंचला हातात यायचा शेवटी. आणि चुना ओला असताना काही कळत नाही. वाळल्यावर बोलायचं."

मंडळी, या लेखाचं सार आईच्या या चार वाक्यांत आहे. रंगाने भिंत झाकली जाते असं आपल्याला वाटतं, पण खाली जे असेल ते रंग वर दाखवतो. बुजवलेलं भोक रंग जास्त पितं, म्हणून तिथली चमक मरते. तेलकट जागा पाण्यातल्या रंगाला धरू देत नाही आणि तेल हळूहळू वर झिरपतं. तिथे दहा हात दिले तरी उपयोग नाही. 'पेंट आणि प्रायमर एकत्र' हा प्रकार आधीच रंगवलेल्या, स्वच्छ, सारख्या भिंतीवर ठीक चालतो. कोऱ्या लांबीवर आणि तेलावर नाही.

मग पुढच्या शनिवारी सगळं पहिल्यापासून केलं. आई देखरेखीला.

आधी पट्ट्यांच्या कडा १२० ते १५० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासल्या आणि ओल्या फडक्याने धूळ पुसली. (तुमचं घर १९७८ पूर्वीचं असेल तर इथे थांबा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय घासू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.) डाग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुतला, साध्या पाण्याने पुसला, रात्रभर वाळू दिला. बुजवलेल्या प्रत्येक ठिपक्यावर प्रायमर लावला आणि डागावर शेलॅकचा, डाग अडवणारा खास प्रायमर. हे शेलॅक म्हणजे आपली लाख बरं का! बांगड्यांची, लाक्षागृहाची. ती जगात सगळ्यात जास्त आपल्याकडेच, झारखंड-छत्तीसगडच्या बाजूला होते. ती या प्रायमरमध्ये अल्कोहोलात विरघळवलेली असते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि जवळ निरांजन, उदबत्ती, गॅस काहीही पेटतं नको. पांडवांची आठवण ठेवा.

मग रंग. एक गॅलन साधारण ३५० ते ४०० चौरस फूट एका हाताला पुरतो. दोन डबे लागणार असतील तर दोन्ही एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळा, कारण दोन डब्यांची छटा थोडी वेगळी असू शकते. गुळगुळीत भिंतीला ३/८ इंच लवेचा रोलर घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कड ओली ठेवा. मी आधी चारही कडा ब्रशने रंगवल्या, जेवलो आणि मग रोलर घेतला, म्हणून ती चौकट उमटली. एका भिंतीची कड रंगवली की लगेच तीच भिंत रोल करायची. तीन-चार फुटांचा पट्टा घ्या, पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर चढवा आणि शेवटी वरून खाली एकाच दिशेने हलका हात फिरवा. रोलर कोरडा पडला तरी दाबून पिळत बसायचं नाही, पुन्हा रंगात बुडवायचा. आपल्याकडे ऑक्टोबरात हीटर सुरू झालेला असतो. त्याची गरम हवा थेट भिंतीवर येत असेल तर रंग फार पटकन वाळतो आणि पट्टे पडतात. तेवढा वेळ हीटर बंद ठेवा.

मधेच वाळलेल्या जागी 'जरासं टच-अप' करायचा मोह होतो. तो आवरा. एगशेल किंवा त्याहून चमकदार रंगात टच-अप हमखास दिसतं. काही राहिलं असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा करा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ द्या, बहुधा दोन ते चार तास असतो. आणि पारख वाळल्यावरच, भिंतीलगत तिरका टॉर्च धरून.

टॉर्च आईने धरला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवला, मग म्हणाली, "आता झाली." मी तिला दिवाणावर बसायला सांगितलं. "नको रे बाबा, नवी भिंत आहे." शेवटी मीच तेलाची बाटली आणून तिच्या हातात दिली. ती हसली, तेल लावलं, पण टेकायला पाठीशी गोधडीची घडी घेतली. वाचता वाचता अर्ध्या तासात तिचा डोळा लागला आणि घडी खाली घसरली. आम्ही कुणीच उचलली नाही.

शेवटची सूचना. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान बरणीत ठेवा. त्यावर खोली, तारीख आणि रंगाचा नंबर लिहा. बरणी थंडीत गोठेल अशा गॅरेजमध्ये ठेवू नका. माझी बेसमेंटमध्ये आहे, शेजारी शेलॅकचा डबा. वसंतात आई पुन्हा येते आहे. तिला कळवलंय, तेल लावूनच ये.

तुम्हा सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!