आठ दिवस, सात रात्री आणि चार क्रेडिट

माझा परदेश प्रवासाला विरोध नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण 'स्वतःला कधी जायला मिळालं नाही म्हणून जळतात झालं' असं म्हणणारी पहिली व्यक्ती माझ्याच घरात आहे आणि तिच्या हातचा चहा मला रोज दोनदा प्यायचा असतो. जर्मनी चांगली, स्वित्झर्लंड चांगलं, विमानात देतात तो थंडगार बनपावही चांगलाच असणार. माझं भांडण एकाच शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'अभ्यास'.

आमचे चिरंजीव एम.बी.ए. करतात. म्हणजे फी मी भरतो, बाकीचं ते करतात. एके दिवशी त्यांनी कॉलेजचं गुळगुळीत रंगीत पत्रक माझ्यापुढे ठेवलं. 'आंतरराष्ट्रीय औद्योगिक अभ्यास दौरा. जर्मनी व स्वित्झर्लंड. आठ दिवस, सात रात्री.' अभ्यासाच्या रात्री मोजून देणारं कॉलेज मी पहिल्यांदाच पाहिलं. खर्च दोन लाख ऐंशी हजार. खाली लिहिलं होतं, 'दौरा ऐच्छिक आहे.' त्याच्याही खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'दौऱ्यास चार क्रेडिट आहेत.' आमच्या वेळी सक्तीला सक्ती म्हणायची पद्धत होती.

मी सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, एकतीस वर्षं काढली. हाताला मोजायची खोड लागलेली आहे. घरात भाकरीही मी मनातल्या मनात मायक्रोमीटर लावूनच खातो. तेव्हा चष्मा पुसला आणि ते पत्रक मोजायला घेतलं. आठ दिवसांचे तास एकशे ब्याण्णव. त्यात 'औद्योगिक भेटी' दोन. पहिली दोन तासांची, दुसरी एक तास चाळीस मिनिटांची. एकूण दोनशे वीस मिनिटं. दोन लाख ऐंशी हजारांना दोनशे विसांनी भागा. मिनिटाला बाराशे बहात्तर रुपये पडतात. एवढ्या दरात डॉक्टरसुद्धा जीभ बाहेर काढायला सांगतो.

उरलेल्या तासांत काय होतं? हायडेलबर्गच्या किल्ल्यातलं दारूचं पिंप होतं. 1751 सालचं आहे आणि त्यात दोन लाखांहून जास्त लिटर वाईन मावते. नाशिकच्या पोरांना द्राक्षाची दारू दाखवायला सात हजार किलोमीटर न्यायचं म्हणजे कोल्हापूरकरांना चपला बघायला इटलीला पाठवण्यातला प्रकार. पुढे टिटिझेचं तळं आणि कोकिळा ओरडणारी घड्याळं. मग ऱ्हाईनचा धबधबा. मग नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा. तो बव्हेरियाच्या लुडविग राजाने 1869 साली बांधायला घेतला आणि पुरा व्हायच्या आत, 1886 साली, राजा गेला. कर्ज काढून हौस करण्याचे परिणाम या विषयावर तिथे चांगला धडा घेता आला असता, पण पत्रकात तिथे 'छायाचित्रणासाठी वेळ' एवढंच होतं. शेवटी टिटलिसचं बर्फ. तिथे म्हणे शाहरुख आणि काजोल यांचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केला आहे. मुंबईतल्या माणसांचा पुतळा दहा हजार फुटांवर जाऊन बघायचा, याला 'औद्योगिक' कसं म्हणायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

एवढं मोजूनही मी पैसे भरले. मुदत ठेव मोडली. ते कशाला लपवा? 'सगळी मुलं चाललीत' या वाक्यापुढे टूलरूम टिकत नाही.

निघताना चिरंजीवांना मी एकच काम सांगितलं. म्हटलं, "बाळा, कारखान्यात गेलास की एवढं विचार, शंभर नगांत तुमचे बाद किती होतात आणि बाद का होतात? त्यांनी काहीही सांगितलं तरी लिहून आण."

तिसऱ्या दिवशी फोन आला. स्टुटगार्टहून.

"बाबा, बॉश माहितीये तुम्हांला? रॉबर्ट बॉशनं 1886 मध्ये याच शहरात छोटंसं वर्कशॉप काढलं होतं! गाइडनं आत्ताच बसमध्ये सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!"

मी थोडा वेळ गप्प बसलो. फोनचं बिल त्याचं चालू होतं, तरी बसलो. ज्या पोराला मी लहानपणी स्कूटरवर पुढे उभं करून हजारदा मायको सर्कलवरून नेलं, ते पोर मला बॉश माहीत आहे का विचारत होतं! मायको म्हणजे बॉशचीच इथली कंपनी. 2008 साली तिने नाव बदलून बॉश केलं, पण चौकाचं नाव नाशिककरांनी बदललं नाही. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल इथे सातपूरला होतात. आमच्या गल्लीतले निम्मे बाप त्या पगारावर सासरे झाले. हे सगळं घरापासून वीस मिनिटांवर, रिक्षाने. पण रिक्षाने गेलेल्या अभ्यासाला क्रेडिट नसतात.

चिरंजीव परतले. चॉकलेटं आली, कोकिळेचं घड्याळ आलं (ते आमच्याकडे अवेळी ओरडतं; बिचारं अजून तिथल्याच वेळेवर असावं). मी विचारलं, "कारखान्यात बाद किती होतात?"

"अहो, कारखान्यात आत नाही नेलं. हॉलमध्ये फिल्म दाखवली. मग कॉफी. मग ग्रुप फोटो. प्रश्नांना वेळ होता, पण ड्रायव्हरची वेळ संपत आली होती."

"आणि दुसरी भेट?"

दुसरी भेट मर्सिडीजच्या संग्रहालयाची होती. चांगलं आहे म्हणतात, मला शंका नाही. पण तिथे तिकीट काढून कोणीही जातो. त्याला औद्योगिक भेट म्हणायचं तर कॅन्टीनच्या जेवणाला ओव्हरटाइम म्हणावं लागेल. लिफ्टने वर जायचं आणि गाड्या बघत खाली उतरायचं. वर गेल्यावर पहिल्यांदा एक घोडा दिसतो. तो घोडा चिरंजीवांच्या नीट लक्षात राहिला. "बर्था बेंझ कोण?" म्हटल्यावर मात्र त्यांनी फोनमध्ये डोकं घातलं.

मग मीच सांगितलं. 1888 सालच्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न विचारता, त्यानेच बनवलेली तीन चाकांची मोटार काढून, दोन पोरांना बसवून, मानहाइमहून आईकडे फोर्त्सहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटर. इंधन संपलं तेव्हा औषधवाल्याच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी दमली, पोरांनी ढकलली. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं असणार, चढासाठी आणखी एक गिअर लागतो. त्याने तो बसवलाही. याला म्हणतात अभ्यास दौरा! नाश्ता समाविष्ट नाही, छायाचित्रणासाठी वेळ नाही, आणि परतल्यावर वस्तूत फरक पडलेला.

आता दुसरी बाजूही सांगतो. नाहीतर चहा बंद होईल. पोरगा तिकडून काहीच शिकला नाही असं नाही. ट्राम सात चौदाला येते म्हणजे सात चौदालाच येते, हे त्याने मला तीनदा सांगितलं. हल्ली झेब्रा क्रॉसिंगवर थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात, तरी थांबतो. जग बघावं. मीही गेलो असतो. पण मग सरळ सहल म्हणा ना! आमच्या शाळेची सहल वेरूळला गेली तेव्हा मास्तरांनी तिला शिल्पशास्त्राचे मार्क ठेवले नव्हते.

मार्क ठेवले की काय होतं ते ऐका. त्यांच्या वर्गात दिंडोरीकडचा एक मुलगा आहे. वडिलांची द्राक्षबाग. त्या वर्षी अवकाळी पावसाने घड तडकले, दोन लाख ऐंशी हजारांचा विषयच नव्हता. न जाणाऱ्यांसाठी सोय होती: 'एखाद्या उद्योगाचा चाळीस पानी अहवाल सादर करावा.' जाणाऱ्यांना फोटो, राहणाऱ्यांना चाळीस पानं. तो माझ्याकडे आला. मी त्याला अंबडला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये सोडलं. सहा मशिनं, अकरा माणसं. म्हटलं, चार दिवस नुसता उभा राहा आणि लाल डब्यात काय पडतं ते बघ.

पोरगं चौथ्या दिवशी रात्री नऊला आलं. डोळे चमकत होते. म्हणालं, "काका, बाद माल पहिल्या शिफ्टपेक्षा दुसरीत जास्त आहे. आणि मशीन तेच आहे. दुसऱ्या शिफ्टचा माणूस टूल वेळेवर बदलत नाही, कारण नवा टूल मागितला की स्टोअरवाला ओरडतो." मी एकतीस वर्षांत जे शिकलो त्यातलं निम्मं त्याने चार दिवसांत सांगितलं. शिवाय मालकाची वही बघितली होती. लहान उद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकवावं असा 2006 पासून कायदा आहे, आणि मालकाची बिलं चार-चार महिने लटकलेली. "मग तक्रार का नाही करत?" असं याने विचारल्यावर मालक म्हणे हसला आणि चहा सांगितला. तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार? हे त्याने तसंच्या तसं अहवालात लिहिलं.

कॉलेजने अहवाल परत केला. शेरा होता: 'आंतरराष्ट्रीय घटक आढळत नाही.' चारांपैकी दोन क्रेडिट. घोडा बघून आलेल्यांना चारही.

त्या दिवशी मी पेटलो. कॉलेजच्या संचालकांना पत्र लिहिलं. दौऱ्याला सहल म्हणावं; तिचे क्रेडिट काढून घ्यावेत; ज्याला परदेशी कारखाना बघायचा आहे त्याने आधी इथल्या कारखान्यात चार दिवस उभं राहावं आणि तिथले प्रश्न खिशात घालून जावं; आणि दिंडोरीच्या मुलाचे दोन क्रेडिट त्याला परत द्यावेत. बाकीचं सोडा, ते दोन तरी द्यावेत. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. महिना झाला, उत्तर नाही. अहवालाची एक प्रत वर्कशॉपच्या मालकाने मात्र मागून नेली. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला आता स्टोअरची किल्ली मिळाली आहे.

कॉलेजकडून आलं ते नवं पत्रक. पुढच्या वर्षी जपान. नऊ दिवस, आठ रात्री. कन्या यंदा त्याच कॉलेजात गेली आहे आणि सौ. कालपासून 'दुसरी ठेव कधी संपते हो?' असं सहज विचारते आहे.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, पत्र मराठीत लिहिलंत ना? तिथे कोण वाचणार?"

म्हणून ते इथे छापायला दिलं.