हापशाचे पैसे कोणी दिले?

आपल्या जिल्ह्यात हापसा नसलेले गाव शोधून सापडायचे नाही. गंगाखेड असो, जिंतूर असो की पालम. शाळेजवळ एक, वेशीजवळ एक, वस्तीत एक. नळयोजना आल्या, २०१९ पासून जलजीवन मिशनचे पाइप पडू लागले. तरीही एप्रिल-मे महिन्यात विहीर आटली किंवा वीज गेली की घागरींची रांग पुन्हा हापशापाशीच लागते. दवाखान्यात जुलाब-उलट्यांचा रुग्ण आला की मी ‘काय खाल्ले?’ हे नंतर विचारतो, ‘पाणी कुठले पिता?’ हे आधी.

या हापशाचे मूळ आपल्या शेजारीच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्वी गावोगाव बसवलेले पंप बिडाचे असत. विलायतेत एका कुटुंबाच्या अंगणात चालावा, असा तो नमुना. आपल्याकडे त्याच्या दांड्याला सकाळपासून रात्रीपर्यंत सारे गाव लोंबकळणार. तो किती दिवस टिकणार? १९६० च्या दशकात जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी, एकाच बिजागरीचा मजबूत पंप तयार झाला. लोक त्याला ‘जालना पंप’ म्हणू लागले. पुढे सोलापूरच्या मंडळींनी त्यात सुधारणा केल्या, आणि १९७० च्या दशकात युनिसेफ व केंद्र सरकार यांनी त्यावरून ‘इंडिया मार्क टू’ घडवला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तोच दिसतो. (जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९८१ साली त्याचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आपला परतूर तालुका तिकडे गेला. म्हणजे थोडे श्रेय आपल्याकडेही ओढायला हरकत नाही!)

जालन्याचे हे मिशन स्कॉटलंडच्या चर्चचे. जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या काळापासूनचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला हा संबंध. अशा मिशनांमागे पैसा कोणाचा असे? एखाद्या लक्षाधीशाचा असेल अशी आपली समजूत असते. खरे म्हणजे तो बहुतांशी साध्या माणसांचा असे. तिकडे प्रत्येक चर्चभोवती त्याची एक पॅरिश असते. आपल्या भाषेत एका देवळाचे गाव म्हणा. तिथल्या बायका घरचे केक विकतात, जुने कपडे विकायला मांडतात. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात एखादा पदार्थ सोडून वाचलेले पैसे डब्यात टाकतात. ब्रिटनमध्ये १९५७ पासून ‘ख्रिश्चन एड’ या संस्थेचा सप्ताह पाळला जातो. त्यात स्वयंसेवक दारोदार पाकिटे देतात आणि काही दिवसांनी गोळा करतात. ‘ऑक्सफॅम’ हे नाव आपण दुष्काळाच्या बातम्यांत वाचतो. तिची पहिली सभा १९४२ साली ऑक्सफर्डच्या एका चर्चमध्ये भरली होती, ती ग्रीसमधल्या उपाशी लोकांसाठी. स्वतः महायुद्धात होरपळत असलेले लोक दुसऱ्या देशातल्या भुकेल्यांसाठी वर्गणी काढत होते.

अशा पैशाने काय होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तिथे काम सुरू केले. त्यांनाही परदेशातल्या चर्चसंस्थांची मदत मिळाली. त्यांनी तो पैसा मोठी इमारत बांधण्यात घातला नाही. गावातल्या निरक्षर, पुष्कळदा दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. तेवढ्यात १९७२ चा दुष्काळ आला. त्या वेळी बोअर घेताना आरोळ्यांनी जागा शक्यतो दलित वस्तीत निवडली. पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागले. शिवाशिवीवर शंभर भाषणांनी जे झाले नसते, ते एका हापशाने केले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता एक आक्षेप मला ठाऊक आहे. ‘डॉक्टर, हे सगळे धर्म वाढवण्यासाठी असते.’ काही ठिकाणी तसा हेतू होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परदेशी देणग्यांवर सरकारने कायद्याने नजर ठेवली आहे, तेही योग्यच. पण कॉलऱ्याचा जंतू जात-धर्म विचारत नाही आणि हापशाचे पाणीही विचारत नाही. ज्याला हेतूची शंका येते, त्याने त्या जागी स्वतः हापसा बसवावा. कोणी अडवलेले नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. दूरच्या दात्याला नवा हापसा द्यायला आवडते. त्याचा फोटो निघतो, ओट्यावर नावाची पाटी बसते. चार वर्षांनी सिलिंडरमधला वॉशर झिजतो, तेव्हा मात्र पैसे द्यायला कोणी नसते. ओटा फुटतो, सांडपाणी भेगांतून पुन्हा बोअरमध्ये उतरते, कडेला गुरे बांधली जातात. हापसा आहे म्हणून पाणी शुद्धच, असे धरून चालू नये. शौचालयाचा खड्डा किंवा उकिरडा निदान पन्नास फूट दूर हवा, हे मी दर पावसाळ्याआधी सांगतो.

आणि आपली वर्गणी? ती काही कमी नसते. हरिनाम सप्ताह, गणपती, कळसारोहण यांसाठी परभणी जिल्ह्यातला गरिबातला गरीब माणूसही हात आखडत नाही, याचा मला अभिमान आहे. मला वाटते, या पावतीपुस्तकातच एक रकाना ‘पाणी’ म्हणून छापावा. त्यातून वॉशर आणावेत, ओट्याला सिमेंट लावावे, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ब्लीचिंग पावडर आहे की नाही ते पाहावे. सप्ताहाचा हिशेब शेवटच्या दिवशी वाचून दाखवतात, तसा याही रकान्याचा वाचावा. रक्कम उरलीच तर पलीकडच्या तांड्याला द्यावी, जिथे आपले कोणी सोयरे नाहीत. तिकडचे पॅरिशवाले न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवतात. आपल्याला वेशीपलीकडचा तांडाही परका वाटतो, ही गोष्ट मला डॉक्टर म्हणून खटकते, कारण साथ वेस ओळखत नाही.

सुरुवात महाप्रसादापासून करता येईल. पंगत बसते हजारोंची आणि पाणी येते टँकरचे, कोणत्या विहिरीचे ते विचारत कोणी नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर सलाईन लावायला जागा नसते. टँकर भरताना जलसुरक्षकाला बोलवावे, पावडर त्याच्याच हाताने मोजून घालावी आणि एक तास थांबून मगच पाणी वाढावे. पावडरचे पोते महिनोन् महिने उघडे पडले असेल तर ते वापरू नये. त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, उरतो तो नुसता चुना.