शहाण्णव खळग्यांचे अर्थशास्त्र

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा या पट्ट्यात मोटारींचे युग यावयाचे होते. जागतिक आरोग्य संघटनेचे तंत्रसाह्य व युनिसेफची यंत्रसामग्री यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्याने केवळ औषधे केली नाहीत. ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक औषध त्याच्याच प्रयोगशाळेत शोधले गेले. आज पिंपरी-चिंचवड-चाकण म्हटले की वाहने आणि त्यांचे सुटे भाग एवढेच डोळ्यांपुढे येते. शेजारच्या पुण्यातील संशोधकांना नित्य लागणारे एलायझा संच मात्र बव्हंशी परदेशी कंपन्यांकडून मागवावे लागतात.

हे साधन दिसावयास किरकोळ. शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची तबकडी, खळग्यांच्या तळाशी एका विशिष्ट प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडे, वर दुसरी प्रतिपिंडे, एक विकर आणि रंग देणारे रसायन. रंग जितका गडद तितके प्रथिन अधिक. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एंगवाल व पर्लमन यांनी ही पद्धत मांडली. तिच्या आधीच्या किरणोत्सर्गी पद्धतीचे पेटंट रोझालिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी घेतलेच नव्हते. तत्त्व सर्वांना खुले आहे. किंमत पडते ती प्रतिपिंडांच्या भरवशाच्या जोडीची आणि प्रत्येक खेपेस तोच आकडा येईल या हमीची.

आता हिशेब पाहावा. प्रमाण-आलेखाच्या आठ पातळ्या दोनदा मोजल्या की सोळा खळगे खर्ची पडतात. उरलेल्या ऐंशीत चाळीस नमुने दुबार मोजता येतात. ज्या विद्यार्थ्याकडे दहाच नमुने आहेत त्याचे साठ खळगे रिकामे राहतात, पैसे मात्र पुऱ्या तबकडीचे. मग दुबार मोजणी टाळण्याचा मोह होतो, आणि ही काटकसर अखेर प्रबंधाच्या निष्कर्षांत उतरते. मागणी अशी मुठीमुठीने विखुरलेली असता कोणता उत्पादक भांडवल गुंतवील?

बुद्धीचा तुटवडा हे कारण नव्हे. पुण्याचीच राष्ट्रीय विषाणू संस्था डेंग्यू, चिकनगुनिया व जपानी मेंदूज्वराच्या निदानाचे एलायझा संच स्वतः तयार करून राष्ट्रीय कार्यक्रमाला पुरवीत आली आहे. मे २०२० मध्ये तिने करोनाविरोधी प्रतिपिंडे ओळखणारा ‘कोविड कवच’ संच सिद्ध केला: एका वेळी ९० नमुने, अडीच तासांत. त्याचे मोठे उत्पादन अहमदाबादच्या झायडस कॅडिलाकडे गेले; पिंपरी तर हाकेच्या अंतरावर होती! दोन्ही वेळी मागणी खात्रीची होती, म्हणून माल झाला. टेल्को व बजाज यांच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने वाढले तेही ऑर्डरींच्या भरवशावरच.

तेव्हा पुणे विद्यापीठ, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी इंटरल्युकिन-६ सारख्या नेहमी मोजल्या जाणाऱ्या दहा-बारा प्रथिनांची वार्षिक मागणी एकत्र नोंदवावी. देशी संचावर परदेशी नियतकालिकांचे परीक्षक विश्वास ठेवणार नाहीत, ही संशोधकांची भीती अगदीच अनाठायी नाही. तिला उत्तर एकच: तेच नमुने तीन-चार प्रयोगशाळांत दोन्ही संचांनी मोजावेत आणि आकडे, प्रतिकूल असले तरी, प्रसिद्ध करावेत. या चाचणीचा खर्च उत्पादकाच्या माथी मारू नये. तो खरेदीदार संस्थांनीच वाटून घ्यावा.